विलायतेत शिकणाऱ्या पोराने हिंडू नये काय?

आमच्या झाडीपट्टीतील शेतकऱ्याचे पोर पूर्वी शिकावयास बाहेर पडले म्हणजे गोंदियास जाई, फार तर नागपुरास. आता त्यांपैकी एखाददुसरे जर्मनीचे, इटलीचे, नेदरलँड्सचे नाव घेऊ लागले आहे. ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु या आनंदासोबत अर्जुनी मोरगावच्या बाजारात आणि चावडीवर एक नवी कुरकुरही ऐकू येते. "पोरगा शिकायला गेला की हिंडायला?" बाप धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहत बँकेच्या पायऱ्या झिजवीत असतो, आणि तिकडून मोबाईलवर चित्र येते: पोरगा चार गोऱ्या-काळ्या सोबत्यांच्या गळ्यात हात टाकून कुठल्याशा मनोऱ्यापुढे उभा. बापाने काही म्हटले नाही तरी शेजारी म्हणतो. चुलता म्हणतो. मग एक दिवस फोनवर शब्दाला शब्द लागतो, आणि पुढच्या सुटीत पोरगा हिंडतो ते हिंडतोच, फक्त चित्र पाठवीत नाही. घरात लपवाछपवी शिरली ती अशी.

ही कुरकुर अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. जर्मनीचा परवाना हवा असेल तर वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच तिकडच्या बँकेत अडकवून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरापासून हा आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. आपल्या पैशांत तो दहा लाखांच्या वर जातो. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही हे खरे. तरी बाडेन-व्युर्टेमबेर्ग प्रांताने २०१७ पासून परदेशी मुलांवर सहामाहीला १,५०० युरो बसविले आहेत, आणि फी नसली तरी पोट आहेच. दोन-चार एकर बांधीच्या धन्याला दहा लाख म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. ज्याची बांधी गहाण पडली आहे, त्याला पै-पैचा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की हिशेब कशाचा विचारावयाचा?

आमचे म्हणणे असे, की पोराने हिंडावे. वर्गातल्या सोबत्यांबरोबर हिंडावे, आणि घरच्यांनी त्याला ते उजळ माथ्याने करू द्यावे. परत आल्यावर मात्र हिशेब घ्यावा. पैशाचा घ्याच, पण त्याहून अधिक त्याने काय पाहिले याचा घ्यावा.

आधी हे हिंडणे असते कसे ते समजून घ्या, म्हणजे निम्मा राग तेथेच निवेल. युरोपातील २९ देशांनी आपापसांतील वेशी उघड्या टाकल्या आहेत. त्यास शेंगेन म्हणतात. त्यांपैकी एका देशात राहण्याचा परवाना हाती असला, की दर १८० दिवसांत ९० दिवस बाकीच्या देशांत नवा परवाना न काढता फिरता येते. (इंग्लंड आणि आयर्लंड यांत नाहीत, हे विसरू नये.) जर्मनीत २०२३ साली ४९ युरोंचा महिन्याचा पास निघाला, तो देशभरच्या साध्या गाड्यांना आणि बसांना चालतो, त्याचा भाव पुढे वाढला, तरी विद्यार्थ्याला तो परवडण्यासारखा आहे. मुले रात्रीच्या बसने निघतात, म्हणजे मुक्कामाचे भाडे वाचते. उतरतात ती जागा आपल्या धर्मशाळेसारखी: एका खोलीत आठ-दहा खाटा, एकीवर एक रचलेल्या, आणि खाली सर्वांचा मिळून एक स्वयंपाकघर. तेथे आपला मुलगा भात टाकतो, ब्राझीलची मुलगी कांदा चिरते, तुर्कस्तानचा कोणी टमाटे आणतो. चित्रात दिसतो तो मनोरा. हा भात चित्रात येत नाही.

आणि हिंडणे आपल्याला इतके परके कधीपासून झाले? दिवाळी सरली की गावोगावच्या मंडईला आपण जातोच. शंकरपट पाहावयास बैल जुंपून कोसाकोसांवर जात होतो. रात्रभर नाटक पाहून सकाळी डोळे चोळीत कामाला लागतो. महाशिवरात्रीला प्रतापगडचा डोंगर चढणाऱ्याला कोणी विचारीत नाही, की बाबा, तुझे धान विकले काय? त्याच प्रतापगडच्या बाजूस १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. आपला देश सुटला म्हणून ती माणसे हिमालय ओलांडून या झाडीत आली आणि येथे शेती करू लागली. दूर देशाचा माणूस अर्जुनीच्या बाजारात भाजी घेताना आपल्याला नवल वाटत नाही, मग आपला माणूस दूरच्या बाजारात भाजी घेताना दिसला तर पोटात का दुखावे?

युरोपातील कारागिरांची एक रीत आमच्या सुतार-लोहार बांधवांस सांगण्याजोगी आहे. जर्मन मुलुखात सुताराचा मुलगा उमेदवारी संपवून कसबी झाला, की जुन्या रिवाजाने तो घर सोडतो आणि तीन वर्षे एक दिवस गावोगाव काम करीत फिरतो. अंगात काळ्या जाड कापडाचे कपडे, डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातात वाकडी काठी, पाठीशी हत्याराचे बोचके. स्वतःच्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत त्याने या काळात पाऊल टाकावयाचे नाही. जेथे काम मिळेल तेथे राहावे, दुसऱ्या उस्तादाचा हात पाहावा, पुढे चालू लागावे. आता सगळे असे करीत नाहीत, थोडेच करतात; पण रीत मेलेली नाही. ज्या देशात सुताराचे फिरणे हे त्याच्या शिक्षणाचाच भाग मानले गेले, त्या देशात शिकावयास गेलेल्या आपल्या पोराने खोलीत कोंडून घ्यावे, हे कोठले शहाणपण?

आमच्या वाडवडिलांनी तरी दुसरे काय सांगितले? जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात शेतकऱ्यांस विलायतेतील शेतकीच्या शाळा पाहण्याकरिता सरकारने आपल्या खर्चाने पाठवावे, असे सुचविले आहे. 'पाहण्याकरिता' हा शब्द लक्षात घ्या. जो पाहील तो घरी येऊन तसे करून बघेल, हा त्यांचा भरवसा होता. कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेले सयाजीराव महाराज आयुष्यभर देशोदेशी फिरले. अमेरिकेतील वाचनालये त्यांनी पाहिली आणि १९१० साली तेथील बॉर्डन नावाच्या जाणत्यास बडोद्यास आणून गावागावांत पुस्तके पोचविली. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला. युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांत, सोबत्यांत बसता-उठता, आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा मात्र राहावयास जागा मिळेना. हा फरक पुस्तकातून कळत नाही. तो अंगावर यावा लागतो. ज्याच्या अंगावर तो आला, त्याने पुढे काय केले हे सांगावयास नको.

आपल्या वऱ्हाडचे पंजाबराव देशमुख घ्या. पापळ गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १९२० साली विलायतेस गेला, एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकला, वेदवाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टर झाला आणि १९२६ साली परतला. पुढल्याच वर्षी अमरावतीच्या अंबामंदिराचा प्रश्न त्यांनी हाती घेतला, आणि लग्न केले तेही जातीबाहेर. मग शिवाजी शिक्षण संस्था, मग देशाचे शेतकीमंत्रिपद, आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जगभरचे शेतकीचे प्रदर्शन. दिल्लीच्या मैदानावर साऱ्या जगाची शेती आणून मांडावी, हे सहा वर्षे बाहेरचे जग पाहिलेल्या माणसालाच सुचावयाचे.

त्या लोकांस मात्र सवड नव्हती. आंबेडकरांची शिष्यवृत्ती १९१७ साली संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. आज शिकणाऱ्या पोराला सुटी आहे, स्वस्त बस आहे, उघड्या वेशी आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांना आहे. इतर मागासवर्गीयांसाठीची २०१८ साली अवघ्या दहा जागांनी सुरू झाली आणि पुढे जागा वाढल्या. युरोपीय संघाची 'इरॅस्मुस मुंडुस' नावाची एक शिष्यवृत्ती २००४ पासून आहे. तीत तर विद्यार्थ्याने निदान दोन देशांत शिकलेच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे शिष्यवृत्ती देणाराच म्हणतो, की एका जागी बसू नको. अशा वेळी घरचे म्हणतात, बस.

आता पाहावयाचे काय, हा खरा मुद्दा. पॅरिसचा मनोरा पाहू नये असे आम्ही म्हणत नाही. एवढे दूर गेलेल्याने तो पाहिला नाही तर उगाच मनाला चुटपूट लागेल. परंतु मनोऱ्यापुढे उभे राहून चित्र काढले की हिंडणे संपले, असे ज्यांस वाटते त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

अर्जुनीच्या मुलाने इटलीच्या उत्तरेस व्हर्चेल्ली आणि नोवारा या मुलखात जावे. रेल्वेच्या खिडकीतून त्याला ओळखीचे काही दिसेल: बांधी, धुरे, आणि मे महिन्यात पाण्याने भरलेली चकाकती शेते. युरोपीय संघातील निम्म्याच्या आसपास तांदूळ एकट्या इटलीत पिकतो. पो नदीचे पाणी त्या शेतांना नेणारा काव्हूर नहर १८६६ साली पुरा झाला. परंतु नहरापेक्षाही तेथील बायांची गोष्ट ऐकावी. 'मोंदिने' म्हणत त्यांना, म्हणजे निंदणाऱ्या. दरसाल हजारो गरीब बाया दूरदूरच्या गावांहून येत, गोदामांत गवतावर निजत, आणि गुडघाभर पाण्यात कंबर मोडून दिवसभर निंदण व रोवणा करीत. मच्छर, जळवा, वरून ऊन. मजुरीसोबत दिवसाला किलोभर तांदूळ. आमच्या बायाबहिणींस यातले काय सांगावे? त्या बायांनी एकजूट केली, संप केले, आणि १९०६ साली व्हर्चेल्लीच्या भागात आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. कारखान्यातल्या पुष्कळ मजुरांस तो तेव्हा मिळालेला नव्हता. पुढे यंत्रे आणि औषधे आली, मोंदिने राहिल्या नाहीत. वर्गातल्या इटालियन मुलीची आजी कदाचित त्यांतलीच असेल, आणि अर्जुनीच्या पोराची आई आजही रोवण्याला जाते. दोघे एका वर्गात दोन वर्षे बसतील आणि हे एकमेकांना कधी सांगणार नाहीत. एकत्र त्या शेताच्या बांधावर उभे राहतील तेव्हा सांगतील. सोबत्यांबरोबर हिंडण्याचा लाभ म्हणतो तो हा.

दुसरी जागा स्पेनमधील व्हॅलेन्सिया. तेथेही भातशेती आहे, आणि तेथे पाण्याचे एक न्यायालय आहे. तुरिया नदीच्या पाण्यावर आठ नहर चालतात. प्रत्येक नहराचे शेतकरी आपल्यातला एक माणूस निवडून देतात, आणि हे आठ जण दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तेथील मोठ्या चर्चच्या दारात, उघड्यावर, खुर्च्या मांडून बसतात. अंगात शेतकऱ्याचा काळा सैल डगला. चोपदार एकेका नहराचे नाव पुकारतो: कोणाची तक्रार आहे काय? कोणी वरच्याने पाणी चोरले असेल, पाळी मोडली असेल, पाट साफ केला नसेल, तर तेथल्या तेथे उभे करून दोघांचे ऐकतात. वकील नाही, कागद नाही, सारे तोंडी आणि त्यांच्या घरच्या बोलीत. ज्या नहराचा तंटा असेल, त्या नहराचा पंच निवाड्यात भाग घेत नाही. निवाडा होतो, दंड ठरतो, आणि त्यावर अपील नाही. शेकडो वर्षे हे असे चालले आहे. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला.

आता हे ऐकून आमच्या इटियाडोहच्या नहरावरील शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या मनात काय येईल? वरची बांधी तुडुंब आणि खालची तडकलेली, ही तक्रार घेऊन तो कोणाकडे जातो? नवेगाव बांधासारखे तलाव ज्यांच्या पूर्वजांनी खोदले, ते कोहळी बांधव पाण्याचे गणित कोणाकडून शिकावयास गेले नव्हते. तलाव, बोडी, पाट यांचे ज्ञान या मातीत पिढ्यान्‌पिढ्या होते. २००५ साली महाराष्ट्राने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देण्याचा कायदाही केला आणि पाणीवापर संस्था निघाल्या. कायदा कागदावर उत्तम आहे. पण दर आठवड्याला ठरल्या वेळी, ठरल्या जागी, सर्वांदेखत बसणारा पंच कसा दिसतो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? एकाने पाहून येऊन गावच्या सभेत सांगितले, तर दहा सरकारी पत्रकांपेक्षा ते अधिक लागेल.

डेन्मार्कातही पाहण्याजोगे पुष्कळ आहे. १८८२ साली तेथील शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दूधशाळा काढली आणि नियम केला, की ज्याच्या शंभर गाई त्यालाही एकच मत, ज्याची एक गाय त्यालाही एकच. आमच्या सहकारी संस्थांतील काही पाटील मंडळींनी स्वतःच तिकीट काढून जाऊन पाहावे असा हा नियम आहे.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे, कारण त्यांच्यावर हा पहारा दुप्पट असतो. मुलीला दूर देशी शिकावयास पाठविण्याचे धैर्य बापाने केले, तर तेथे गेल्यावर चार मुलांमुलींसोबत ती सहलीस गेली म्हणून घरात अन्न गोड लागत नाही. अशांनी रखमाबाईंची आठवण ठेवावी. सुतार समाजातली ही बाई १८८९ साली लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकावयास गेली. पुढे बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला जाऊन तिने एम.डी. ही पदवी १८९४ साली मिळविली, आणि परत येऊन सुरतेस, राजकोटास आयुष्यभर बाळंतिणींची सेवा केली. सव्वाशे वर्षांपूर्वी सुताराची लेक एका देशातून दुसऱ्या देशात गेली, आणि आज आपण व्हिडिओ कॉलवर विचारतो, "सोबत कोण कोण आहे?"

सोबत कोण असावे याविषयी आमचेही एक मत आहे, मात्र ते उलट बाजूचे आहे. आमची मुले तेथे गेली म्हणजे आधी आपल्या बोलीची माणसे शोधतात, त्यांच्याच खोल्यांत राहतात, त्यांच्यासोबतच हिंडतात. आणि कधी कधी तर त्या सातासमुद्रापलीकडच्या खोलीतही आडनावावरून जात काढली जाते. गणपतीला, दिवाळीला, आंबेडकर जयंतीला एकत्र जमावे, त्यात दोष नाही. पण दोन वर्षांतल्या सर्व सहली गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलांसोबतच करावयाच्या तर एवढे विमानाचे भाडे कशाला भरले?

हिंडण्याच्या भरात काही गोष्टी पाळाव्या लागतात, त्या थोडक्यात सांगतो. अभ्यास बुडवून हिंडू नये. परीक्षा बुडाली की परवाना अडचणीत येतो. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा २०२४ पासून आहे. त्या कमाईतून सहलीचा खर्च काढावा, घरून मागू नये, आणि मुभेपलीकडे चोरून काम करू नये. वेशी उघड्या असल्या तरी पासपोर्ट आणि परवान्याचे कार्ड जवळ असलेच पाहिजे. आणि निघण्याआधी घरी सांगावे: कोठे, कोणासोबत, परत केव्हा. घरच्यांनी ते ऐकून घ्यावे, आवाज चढवू नये.

घरच्यांना आमची विनंती अशी. पोराचा फोन आला म्हणजे "किती खर्च झाला" याच्या पाठोपाठ विचारा: तिकडे धान कोण रोवतो? मजुरी काय? पाण्याची पाळी कोण ठरवितो? सुताराच्या पोराला काम कसे मिळते? त्याला ठाऊक नसेल तर पुढच्या सहलीत तो विचारून येईल, कारण आता घरी सांगावयाचे आहे हे त्याला कळले. आणि पोरगा सुटीत गावी आला म्हणजे सत्यनारायणाचे जेवण घालण्याऐवजी शाळेच्या पटांगणात एक संध्याकाळ त्याला उभे करा. पोरांना प्रश्न विचारू द्या, म्हाताऱ्यांनाही. तो जे लिहून देईल ते छापावयास आमचे पान मोकळे आहे. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, आम्ही सुधारून घेऊ.

जो कोणी व्हॅलेन्सियास जाईल त्याने गुरुवार साधावा आणि बाराच्या आधी चर्चच्या दारात जागा धरावी. तंटा नसला तर पंच नावे पुकारून दोन-चार मिनिटांत उठतात, आणि उशिरा पोचलेल्यास रिकाम्या खुर्च्याच पाहावयास मिळतात.